मधला स्कॅन

४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पाकीट मी आधी ओळखलंच नाही. वाटलं, कुठल्यातरी शाळेतून भाषणाचं बोलावणं आलंय. हल्ली येतात तशी. मग आत "बुटके" असं वाचलं आणि खुर्चीत बसले. इतक्या वर्षांचा अबोला मोडायचा आणि सुरुवात कशाने, तर बुटके. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फोन करू नकोस, लिही, असं तू बजावलंस. कबूल. फोनवर मी तुला मध्येच तोडते आणि तू धाडकन फोन ठेवतेस, हे आपलं जुनंच आहे.

भाऊजींचं वाचलं. यकृतात गाठ, आणि तीही अशा माणसाला, जो ताप आला तरी दुकानाची फळी लावत नाही, कानटोपी घालून कुलपं दुरुस्त करत बसतो. तू माझं पेपरातलं कात्रण सोबत जोडलंस. भाऊजींना ते कुणा गिऱ्हाइकाने आणून दिलं म्हणे. तो फोटो मला कधीच आवडला नव्हता. पांढरा कोट, हनुवटी वर, जसं काही जग माझ्या वडिलांचंच. वर ठळक मथळा: 'चुंबकाने ओढलेलं औषध थेट गाठीत'. तू विचारतेस, हे नेमकं काय आहे, आणि ह्यांना मिळेल का.

काय आहे ते सांगते. लोखंडाचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील. त्यांच्यावर साखरेच्या जातीचं एक आवरण, आणि आवरणाला औषध चिकटवलेलं. हे शिरेतून टोचायचं आणि बाहेरून गाठीवर चुंबक धरायचं, म्हणजे कण तिथे येऊन जमतात. जमले की नाही ते एमआरआयच्या चित्रात कळतं, कारण लोखंड असेल तिथे चित्र काळं पडतं. म्हणजे औषध पोचवायचं आणि पोचलं हे दाखवायचं, दोन्ही कामं एकाच कणाची. आजवर सशांवर केलंय. त्यांच्या यकृतातल्या गाठी टोचल्यानंतर काळ्या पडल्या. कात्रणातलं दुसरं चित्र तेच.

माणसांवरच्या चाचणीची परवानगी अगदी शेवटच्या टप्प्यात आहे. इथल्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई ती बघतात, त्यांना विचारते. तू भाऊजींचे सगळे रिपोर्ट पाठव.

आज फार लिहवत नाही. सकाळी एक स्कॅन बघितला, तो डोक्यातून जात नाहीये. असो, कामाचं रडगाणं तुला कशाला.

त्या दिवसाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

तुझीच,
बुटकी


१२ मार्च

ताई,

रिपोर्ट मिळाले. दोनदा वाचले, मग डॉक्टरीणबाईंनाही दाखवले. आता मी सांगते ते नीट ऐक, आणि एकदा तरी माझं ऐक.

तू लिहितेस, सर्जनने ऑपरेशनची तारीख दिली होती, पण "आमच्या घरातच नवा उपाय निघालाय" असं सांगून तुम्ही ती पुढे ढकलायला निघालात. सर्जन चिडला आणि म्हणाला, ह्या आठवड्यात हो किंवा नाही कळवा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. ताई, अगं त्याचं बरोबर आहे. गाठ एकच आहे. कडेला आहे. आज ती पूर्ण काढता येते. अजून थोडे महिने गेले की येईलच असं कुणी सांगू शकत नाही. पोटावर मोठा काप पडेल, भाऊजी बरेच दिवस दुकानात बसू शकणार नाहीत, हे सगळं मला कळतं. तरी ऑपरेशनच करा.

आमच्या चाचणीचं विचारशील तर ते जमणार नाही. नियम फार कडक असतात. भाऊजींचं वय जरा जास्त भरतंय, त्यात साखर. मी खूप प्रयत्न केला, पण त्यात माझं काही चालत नाही. वरून ठरतं सगळं.

म्हणून सर्जनला आजच हो कळवा. आज म्हणजे आज. उगाच चार जणांना विचारत बसू नका.

इथे बाकी ठीक. कामाचा धबडगा आहे. माझी विद्यार्थिनी, तिचा प्रबंध यंदा पूर्ण व्हायचाय, ती जरा रुसलीय. होईल सरळ.

तुझी,
बुटकी


१८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण वर्मी लागल्या. "तुला तेव्हा ह्यांची लाज वाटली, आताही वाटते. तुझ्या मोठ्या कामात कुलूपवाल्याचं नाव नको, एवढंच ना? सरळ सांगायचं. आम्ही थांबू, दुसऱ्या कुणाकडून ओळख काढू." आणि खाली भाऊजींच्या अक्षरात: "बुटके, सशांचा कंटाळा आला असेल तर मी आहे. कान तेवढे लांब नाहीत."

ती ओळ वाचली आणि मला माझ्या टेबलाशी बसवेना. खाली जाऊन सशांच्या खोलीत उभी राहिले. तिथे निदान कुणी काही विचारत नाही.

मी तुला खोटं लिहिलं. वयाचं खोटं, साखरेचं खोटं, वरून ठरतं हेही खोटं. भाऊजी सगळ्या नियमांत बसतात. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, अगदी हवा तसा पेशंट आहे, नाव द्या. मी नाव दिलं नाही, कारण आमचं औषध गाठीत पोचतच नाही. आता हे एकदा लिहिलंय, तर नीट सांगते, नाहीतर तुला पुन्हा वाटेल मी कारणं देतेय.

सशाला गाठ धरली की आम्ही पहिला स्कॅन काढायचो. त्यात गाठ पांढरट दिसायची. मग ती खरोखर तीच गाठ आहे ना, हे बघायला सुई घालून तिचा एवढासा तुकडा काढायचो. मग जखम भरू द्यायची. मग कण टोचायचे, चुंबक धरायचं, आणि दुसरा स्कॅन. गाठ काळी. आम्ही नाचलो, ताई. मी, सर, विद्यार्थिनी, सगळे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, एरवी हसले तरी कळत नाही असा माणूस, तेही टाळ्या वाजवत होते.

मध्ये एक स्कॅन काढायला हवा होता. सुईनंतर आणि कण टोचायच्या आधी. मशीन रुग्णालयाचं, रुग्ण नसतील तेव्हाच आमच्या वाट्याला येणारं. विद्यार्थिनीने विचारलंही होतं, मधला एक काढायचा का. मी म्हणाले, आधीचा आहे ना, मग पुन्हा कशाला तेच.

सुई घातली की रक्त येणार. ते गाठीच्या आत साकळतं. रक्तातही लोखंडच असतं, आणि साकळलेलं रक्तही स्कॅनमध्ये काळं दिसतं. आम्हीच भोसकलं, आम्हीच रक्त काढलं, आणि ते काळं झाल्यावर म्हणालो, बघा, आमचं लोखंड पोचलं.

तू म्हणशील, तुलना करायला दुसरे ससे नव्हते का. होते. त्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचो. त्यांच्या गाठी पांढऱ्याच राहायच्या, त्यामुळे आमची खात्री आणखी पक्की झाली. पण त्या सशांना आम्ही सुई घालतच नव्हतो. मुकी जनावरं, त्यांना औषधही मिळणार नाही, मग उगाच भोसकायचं कशाला, असा विचार. विचार माझा. दयेचा झटका आला होता मला, आणि तो नेमका नको तिथे आला.

यंदाच्या नव्या प्रयोगात मीच नियम घातला, सगळ्यांना सारखंच वागवायचं, सुई सगळ्यांना. पहिला ससा मिठाच्या पाण्याचा. स्कॅन बघितला तर गाठ काळीकुट्ट. मी विद्यार्थिनीवर डाफरले, तू बाटल्यांची अदलाबदल केलीस म्हणून. तिने दुसरा ससा आणला. तोही तसाच. तो दिवस चार मार्च. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे दिसलेलं होतं, आणि तरी मी तुला केसाच्या जाडीत हजार कण वगैरे सांगत बसले. गाठी काळ्या पडल्या असं मोठ्या दिमाखात लिहिलं. ताई, ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यानंतर जुन्या सशांचे जपून ठेवलेले तुकडे आम्ही पुन्हा तपासले. ह्यावेळी लोखंड शोधलं नाही, कारण ते रक्ताचंही असू शकतं. आमचं आवरण शोधलं. गाठीत ते नावापुरतं. सगळं जाऊन बसलेलं चांगल्या यकृतात आणि प्लीहेत. काही गाठी थोड्या आक्रसल्या होत्या, त्या कशाने, हे आज मला सांगता येत नाही. म्हणजे भाऊजींना हे टोचलं असतं तर विष गाठीला सोडून त्यांच्या धडधाकट यकृतात गेलं असतं, आणि स्कॅन बघून आम्ही म्हणालो असतो, छान चाललंय. त्यांच्याही गाठीत सुई घालून तुकडा काढलेला आहेच.

आता त्या दिवसाचं. नवं दुकान उघडलं, पाहुणे जमले होते, भाऊजींनी कानशीने पडलेला लोखंडाचा भुगा काउंटरवर पसरला आणि चुंबक फिरवून सगळ्यांना दाखवलं, आमची मेहुणी असा कॅन्सर ओढून काढते. आणि मी म्हणाले, "भाऊजी, कळत नाही त्यावर बोलू नये, कुलपांपुरतं बोला." सगळे हसले. भाऊजीसुद्धा हसले, आणि तेच तुला सहन झालं नाही. मला त्यांची लाज वाटली होती हे खरं आहे. आज कुणाची वाटते ते मी वेगळं लिहायला नको.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. पुन्हा अबोला धर. पण हे पत्र संपायच्या आत सर्जनला फोन कर.

बुटकी


२७ मार्च

ताई,

तारीख गेली नाही हे वाचलं आणि मी टेबलावर डोकं टेकून बसले. सर्जनने भाऊजींना झापलं ते उत्तम केलं. माझ्या वाटचंही त्यांनीच ऐकून घेतलं म्हणायचं.

पण तुझ्या पत्राचा दुसरा भाग वाचून मला तुझा राग आला. आधी राग आला हे सांगूनच टाकते. तू लिहितेस: "आमचं आम्ही निभावू. पण तो पेपर काही आमच्या एकट्याच्या घरी येत नाही. ज्यांची बहीण तुझ्या लॅबमध्ये नाही, त्यांना कोण सांगणार?" मला वाटलं, झालं, हिला कितीही द्या, हिचं समाधान नाही. एवढं सगळं उघडं करून सांगितलं, नाक घासलं, तरी वर हे आहेच.

राग ओसरायला वेळ लागला. तो ओसरल्यावर दिसलं ते सांगते. तुला ते मोठं पत्र टाकलं, त्याच दिवशी सकाळी मी सरांपुढे बसले होते. त्यांना सगळं दाखवलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "ही चूक नाही, मर्यादा आहे. पुढच्या लेखात एक वाक्य टाकू." मी विचारलं, माणसांवरच्या चाचणीचं काय? ते म्हणाले, "चाचणीत कळेलच की." आणि मी मान डोलावली. डोलावली ग मी. मग घरी येऊन तुला पत्र लिहिलं, ते पेटीत टाकलं, आणि हलकी होऊन चहा प्यायले. घरच्या माणसाला वाचवलं, बाकीच्यांचं पुढच्या लेखात बघू. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुला ते न सांगता कसं कळलं देव जाणे.

तर आता. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी चार जणांची नावं लिहून घेतलीयेत. त्यांना मी काय सांगू, ते तुम्ही इथे बसून मला शिकवा." बसले. चाचणी थांबली. ज्या मासिकात लेख आला होता त्यांना कळवलं, लेख मागे घ्या. सर आता कॉरिडॉरमध्ये मला बघून फोन कानाला लावतात. पेपरवाल्यांनाही लिहिलं. त्यांनी विचारलं, सोबत द्यायला फोटो आहे का.

विद्यार्थिनीचं मात्र जिवाला लागलंय. तिचा अख्खा प्रबंध ह्याच सशांवर उभा होता. मी म्हणाले, तुझी चूक नाही, मी सगळीकडे लिहून देईन. ती म्हणाली, "मॅडम, मी मधल्या स्कॅनचं विचारलं होतं." एवढंच. आवाज चढवला नाही तिने. दोन चपराका मारल्या असत्या तर परवडलं असतं.

अजून एक राहिलंय. कात्रण छापून आलं तेव्हा मला अनोळखी लोकांची पत्रं यायला लागली होती. माझ्या आईला, माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलीला मिळेल का. मी ती वाचायचे, मनातून सुखावायचे, खोकाभर जमवायचे, आणि सवड झाली की उत्तर देऊ म्हणायचे. एकालाही दिलं नाही. आजपासून बसतेय.

बुटकी


९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. गाठ पूर्ण निघाली, कडा साफ निघाल्या. भाऊजींनी शुद्धीवर येताच नर्सला विचारलं की औषधांच्या कपाटाचं कुलूप कुठल्या गाढवाने बसवलंय. मी हसले आणि मग बराच वेळ रडले, आणि दार उघडं होतं तरी रडले.

तू ये असं लिहिलं नाहीस, म्हणून आले नाही. आणि मागतही नाही. भाऊजींना सांग, कान लांब नाहीत तेच बरं झालं. नाहीतर नको, काही सांगू नकोस. ते बरे होऊन दुकानात बसायला लागले की मी स्वतः येईन, काउंटरच्या बाहेर उभी राहीन आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांची माफी मागेन. ती अपमान झाला तिथेच मागायला हवी, कागदावर नव्हे.

खोक्यातली बहुतेक उत्तरं गेली. काही लोकांनी उलट कळवलं, की आम्ही केव्हाच दुसरे उपचार घेतले, तुमची वाट कोण बघत होतं. अशी पत्रं वाचून इतका जीव भांड्यात पडतो की काय सांगू. एकाने शिव्या घातल्या. तेही बरं वाटलं.

एक पत्र मात्र मी रोज तळाशी सारत आले. आज तेवढं एकच उरलंय. लिहून झालं की त्याची नक्कल तुला पाठवते. मला सोडवायला नाही. मी पुन्हा गुळमुळीत लिहिलंय का, हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही.

बुटकी


१० एप्रिल

सप्रेम नमस्कार,

आपण मला गेल्या वर्षी पत्र लिहिलं होतं. आपले वडील छापखान्यात होते, त्यांच्या यकृतात गाठ आहे, आणि पेपरात माझ्या कामाबद्दल वाचून आपण आशेने लिहीत आहात, असं त्यात होतं. शेवटी आपण लिहिलं होतं, "डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण बाबा घाबरतात. आपलं उत्तर येईपर्यंत आम्ही ते थांबवलं आहे."

ते पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी ते वाचलंही होतं.

पेपरात आलं होतं ते बरोबर नव्हतं. आमचं औषध गाठीत पोचत नाही. ज्या काळ्या चित्रावरून आम्ही ते पोचलं असं म्हणालो, तो काळेपणा आमच्याच सुईने झालेल्या रक्तस्रावाचा होता. चूक माझी आहे, आणि ती मला ह्या मार्चमध्ये कळली.

पण मला ह्यामागे लपायचं नाही. आपलं पत्र आलं तेव्हा मला चूक माहीत नव्हती, हे खरं. मात्र आपल्याला उत्तर द्यायला ती माहीत असायची गरजच नव्हती. हे अजून कुठल्याही माणसाला दिलेलं नाही, ऑपरेशन थांबवू नका, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. दोन ओळींचं काम होतं. मी केलं नाही, कारण मला अशी पत्रं आलेली आवडत होती.

वडिलांचं ऑपरेशन झालं असेल, तर ह्या कागदाची घडीही पुन्हा उघडू नका. अजून झालं नसेल, तर कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांकडे जा. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर खाली माझा नंबर आहे, मी कुठल्याही वेळी उचलीन. आणि तिसरं काही झालं असेल, तर आपल्याला हवं ते मला बोलायला आपण याच नंबरावर फोन करावा. मी मध्ये तोडणार नाही.

आपले बाबा कसे आहेत, हे विचारायचा हक्क मी घालवला आहे. तरी विचारते.